रिकाम्या पिंपावरची खूण : घातक कचऱ्याची ओळख व तिचें जागतिक शिक्षण

गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं तालुक्याच्या आठवडी बाजारांतून एक निळें पिंप विकत आणिलें. तें अर्धें कापून जनावरांच्या पाण्याकरितां हौदासारखें वापरावें असा बेत होता. आपल्या बीड जिल्ह्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत पाणी सांठविण्यास जितकीं भांडीं मिळतील तितकीं थोडींच, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. पिंपावर एक फाटकी चिठ्ठी चिकटलेली होती. तिजवर तांबड्या कडेच्या चौकटींत वठलेलें झाड व उलटा पडलेला मासा असें चित्र होतें. आम्हीं चिठ्ठी खरवडून काढिली, पिंप राखेनें घांसून तीन पाण्यांनीं धुतलें व गोठ्यांत ठेविलें. आठवडाभरांत दोन कालवडी आजारी पडल्या. एक वांचली, दुसरी वांचली नाहीं. जनावरांच्या डॉक्टरांनीं पिंप पाहून, यांत पूर्वीं काय होतें असें विचारलें, तेव्हां आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कारण उत्तर ज्या चिठ्ठीवर होतें ती आम्हींच खरवडून टाकिली होती.

चौतीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही नुकतेच निवृत्त झालों. सात-बारा, फेरफार, पंचनामे व अर्ज वाचण्यांतच उभा जन्म गेला. आणि त्याच माणसास पिंपावरचा एक कागद वाचतां येऊं नये, याची लाज वाटली. विकणाऱ्या भंगारवाल्यासहि पिंपांत काय होतें तें ठाऊक नव्हतें, व तसें त्यानें मोकळेपणानें सांगितलें. मग आम्हीं चौकशीस आरंभ केला. तींत असें दिसून आलें कीं, ज्या खुणेकडे आम्हीं दुर्लक्ष केलें ती ठरविण्याकरितां जगांतील राष्ट्रें वर्षानुवर्षें एकत्र बसलीं आहेत, आणि असल्या वस्तु ओळखावयास शिकविण्याकरितां निरनिराळ्या देशांत, आपल्या नागपुरांत सुद्धां, केंद्रें चालू आहेत. ही विद्या बंदरापर्यंत व कारखान्यापर्यंत पोहोंचली. आमच्या गोठ्यापर्यंत मात्र ती आली नाहीं. ती काय आहे व तिचा आपल्याशीं संबंध काय, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

कचरा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें उकिरडा येतो. उकिरड्यावरचें शेणमूत व पालापाचोळा कुजतो आणि पुढील वर्षीं शेताच्या उपयोगीं पडतो. घातक कचरा याहून अगदीं निराळा. तो पेट घेणारा, किंवा धातु व कातडी खाणारा, किंवा दुसऱ्या पदार्थाशीं मिळतांच भडकणारा, किंवा विषारी असतो; आणि त्यांतला पुष्कळसा वर्षानुवर्षें कुजत नाहीं. कारखान्यांतील गाळ, जळकें यंत्रतेल, मुदत उलटलेलीं कीटकनाशकें हीं त्याचीं उदाहरणें होत. त्यांत मुख्य अडचण ही कीं, तो डोळ्यांस ओळखूं येत नाहीं. दिसावयास स्वच्छ पाणी, आणि असावयाचें तेजाब! वासावरून ओळखावा तर वास घेणेंच जिवावर बेतावयाचें. म्हणून या विद्येंत पहिला धडा असा देतात कीं, वस्तूस हात लावण्यापूर्वीं तिचा दाखला पाहावा. ती कोणत्या धंद्यांतून निघाली, तिजवर खूण कोणती आहे, बरोबरचा कागद काय म्हणतो, हें पाहून कागद व माल यांचा मेळ बसत नसेल तर नमुना काढून प्रयोगशाळेकडे पाठवावा. आपल्या देशांतील घातक कचऱ्यासंबंधींच्या २०१६ च्या नियमांना धंदेवार यादीच जोडलेली आहे. तींत मुदत उलटलेलीं कीटकनाशकें आहेतच. परंतु घातक रसायनांनीं माखलेलीं रिकामीं पिंपें व डबे हींहि आहेत. म्हणजे आम्हीं भांडें म्हणून जें घरीं आणिलें, तें कायद्याच्या दृष्टीनें भांडें नव्हतेंच.

राष्ट्राराष्ट्रांचें सहकार्य या कामीं कसें सुरू झालें, ती हकीकत शेतकऱ्यानें मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. कारण तिच्या आरंभीं खताचें नांव येतें. १९८६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरच्या कचरा जाळण्याच्या भट्टीची सुमारें १४,००० टन राख घेऊन ‘खियान सी’ नांवाचें जहाज निघालें. एकामागून एक देशांनीं ती उतरून घेण्याचें नाकारलें. अखेर १९८८ च्या आरंभीं हैती या गरीब देशाच्या किनाऱ्यावर जहाजानें सुमारें ४,००० टन राख उतरविली, आणि कागदोपत्रीं तिचें नांव लिहिलें खत! खरें काय तें कळल्यावर तेथील सरकारनें माल परत भरण्याचा हुकूम केला. तोंच जहाज निघून गेलें. उरलेली राख भर समुद्रांत गेली, आणि हैतीच्या किनाऱ्यावरील राख उचलली जाण्यास २००० साल उजाडलें.

त्याच १९८८ सालीं नायजेरियांतील कोको या गांवचें प्रकरण उघडकीस आलें. तेथें एका मनुष्यानें आपल्या घरालगतची मोकळी जागा दरमहा सुमारें शंभर डॉलर भाड्यानें दिली होती. तिच्यावर इटलींतून आलेल्या विषारी कचऱ्याचीं हजारों पिंपें रचलेलीं सांपडलीं. पुढें तीं पिंपें इटलीस परत न्यावीं लागलीं. पडीक जागेचे चार पैसे येतात म्हटल्यावर पिंपाचें झाकण उघडून पाहणारा आपल्या गांवांतहि विरळाच.

या व अशा प्रकरणांचा बोभाटा झाल्यावर २२ मार्च १९८९ रोजीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं एक करार झाला. तो ५ मे १९९२ पासून अमलांत आला व त्याच वर्षाच्या जून महिन्यांत भारतानें त्यास मान्यता दिली. आज एकशें नव्वदाच्या आसपास राष्ट्रें त्यांत सामील आहेत. अमेरिकेनें मात्र सही करूनहि मान्यता दिलेली नाहीं. कराराचें मर्म आमच्यासारख्या जुन्या कारकुनास चटकन् कळतें. फेरफाराची नोंद मंजूर करण्यापूर्वीं हितसंबंधी इसमांस नोटीस द्यावी लागते, तसाच हा प्रकार. घातक कचरा धाडणाऱ्या देशानें तो घेणाऱ्या देशास, आणि वाटेंत ज्यांच्या हद्दींतून तो जावयाचा त्या देशांसहि, आगाऊ लेखी नोटीस द्यावयाची व संमति आल्याशिवाय माल हलवावयाचा नाहीं. बरोबर चलान पाहिजे. माल लबाडीनें गेला असेल तर ज्यानें धाडला त्याच्याकडे तो परत जावयाचा. करारास जोडलेल्या यादींत कचऱ्याच्या प्रकारांस अनुक्रमांक दिलेले आहेत. त्यांतील चौथा कीटकनाशकें व तत्सम शेती-औषधें तयार करतांना व वापरतांना निघणाऱ्या कचऱ्याचा आहे. म्हणजे आपल्या बांधावरची बाटली बाझलच्या यादींत चौथ्या क्रमांकावर बसलेली आहे.

परंतु यादी झाली म्हणून ओळख झाली असें नाहीं. याचा दाखला आपल्या महाराष्ट्रांतच आहे. मुंबईजवळील न्हावाशेवा बंदरांत वंगण तेलाच्या नांवाखालीं १३३ कंटेनर माल आला होता. कागदावर वंगण तेल, दिसावयासहि तेलच. नमुने तपासले तेव्हां तें वापरून टाकिलेलें घातक तेल ठरलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत चालू असलेल्या मोठ्या दाव्यांत गेलें, आणि ५ जानेवारी २००५ रोजीं न्यायालयानें हा माल आयात करणारांच्या खर्चानें भट्टींत जाळून नष्ट करण्याचा हुकूम दिला. जकात-नाक्यावर उभा असलेला अंमलदार कागद वाचूं शकतो. पण नमुना कोणत्या कंटेनरांतून, किती खोलीवरून व कसा काढावा, कोणती परीक्षा करावयास सांगावी, हें त्यास कोणीं तरी शिकविल्यावांचून येत नाहीं. एका देशांत हें शिक्षण असून शेजारच्या देशांत नसेल तर माल शेजारून शिरतो. म्हणून हें शिक्षण एकट्या राष्ट्रानें देण्यासारखें नाहीं.

बाझल करारांतच प्रादेशिक शिक्षण-केंद्रांची तरतूद आहे. आफ्रिकेंत डाकार, इबादान, कैरो व प्रिटोरिया, आशियांत बीजिंग व जाकार्ता, अशा ठिकाणीं हीं केंद्रें आहेत. तेथें शेजारच्या राष्ट्रांचे अंमलदार येऊन एकाच यादीवर व एकाच पद्धतीनें शिकतात. २००४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-विभागानें जकात अंमलदारांकरितां ‘हरित जकात’ या नांवाची शिक्षणाची योजना चालविली आहे. दीर्घकाळ न विरणाऱ्या विषांसंबंधीं स्टॉकहोम येथें २००१ सालीं जो निराळा करार झाला, त्याचें एक प्रादेशिक केंद्र म्हणून २०११ सालीं नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेस मान्यता मिळाली. ही संस्था १९५८ सालीं स्थापन झालेली. आशियांतील इतर राष्ट्रांसहि तिनें या कामीं साह्य करावें अशी ती योजना आहे. त्या कराराच्या पहिल्या यादींतील बारांपैकीं नऊ विषें शेतीकामाचीं होतीं. डी.डी.टी., एन्ड्रिन, अल्ड्रिन हीं नांवें वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असतील; एन्डोसल्फान तर परवांपरवांपर्यंत घरोघर होतें. २०११ च्या एप्रिलमध्यें तें या करारांत आलें, व त्याच वर्षीं १३ मे रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्याचें उत्पादन व विक्री थांबविली. पण विक्री थांबली तरी कोणाच्या माळ्यावर एखादा डबा राहिलाच असेल, तर तो आतां औषध नव्हे, घातक कचरा होय.

आतां खुणांविषयीं. पूर्वीं एका देशांत विषाची खूण एक तर दुसऱ्यांत निराळी, असा घोटाळा होता. तो मोडण्याकरितां संयुक्त राष्ट्रांनीं २००३ सालीं रसायनांच्या खुणांची सर्व जगाकरितां एक पद्धति प्रसिद्ध केली. टोंकावर उभा केलेला तांबड्या कडेचा चौकोन व आंत काळें चित्र: कवटी म्हणजे थोडक्यांत प्राण घेणारें विष, ज्वाला म्हणजे पेट घेणारें, हातावर व पट्टीवर सांडणारा द्रव म्हणजे खाऊन टाकणारें, आणि वठलेलें झाड व मेलेला मासा म्हणजे पाण्यांतील जीवांस मारक. शब्द वाचतां न येणाऱ्यासहि कळावें एवढ्याकरितां चित्रें! आम्हांस शब्द वाचतां येतात. चित्र वाचतां आलें नाहीं.

आपल्या देशांत कीटकनाशकांच्या वेष्टनावर याहून जुनी खूण आहे, ती १९७१ च्या नियमांतली. टोंकावर उभा चौकोन, त्याचे दोन त्रिकोण, खालचा रंगीत. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा त्याहून सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ पुष्कळजण करतात, तो चुकीचा आहे. या सर्वांस आपण सरसकट ‘औषध’ म्हणतों, ही आमच्या मतें मोठी घातुक संवय आहे. औषध म्हटलें कीं तें थोडें अधिक झालें तरी बिघडत नाहीं, त्याची बाटली धुऊन घरांत ठेविली तरी चालते, अशी समजूत आपोआप होते. कचेरींत असतां ‘औषध घेतल्यानें मयत’ असें शब्द लिहिलेले पुष्कळ कागद आमच्या हाताखालून गेले. त्या वेळीं त्या शब्दाकडे आमचें लक्ष गेलें नाहीं.

२०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना वीस किंवा त्याहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत गेलीं. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधें एकांत मिसळलेलीं, तोंडावर फडकें सुद्धां नाहीं. गेवराई-माजलगांवकडील कपाशींत याहून निराळें काय चालतें, तें वाचकांनींच सांगावें. आणि बाटली रिकामी झाली म्हणजे धोका संपला असेंहि नाहीं. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारमध्यें सारण जिल्ह्यांतील गंडामन गांवच्या शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मरण पावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस सांपडलें. तें तेल त्या कीटकनाशकाच्या जुन्या डब्यांत ठेविलेलें होतें.

शेतकऱ्यापर्यंत हें शिक्षण मुळींच आलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. ‘शेतीशाळा’ हा शब्द आपण आतां कृषिखात्याच्या तोंडून ऐकतों. ती रीति १९८९ सालीं इंडोनेशियांतील भातखाचरांत जागतिक अन्न व शेती संघटनेच्या साह्यानें सुरू झाली. वर्गांत न बसतां शेतकऱ्यांनीं दर आठवड्यास शेतांत जमून किडी मोजावयाच्या, मित्रकीटक कोणते व शत्रुकीटक कोणते तें पाहावयाचें, आणि मगच फवारावें कीं नाहीं तें ठरवावयाचें. पुढें १९९९ ते २००४ या काळांत युरोपीय राष्ट्रांच्या पैशानें हीच रीति कपाशीकरितां भारतासह आशियांतील सहा देशांत शिकविली गेली. ज्या शाळांस आम्ही बसलों त्यांत बोंडअळी उत्तम शिकविली. बाटलीचें पुढें काय करावें हा प्रश्न मात्र शेवटच्या पांच मिनिटांत आटोपला.

त्या पांच मिनिटांतील गोष्ट अशी. बाटली रिकामी होतांच, आंतलें वाळण्यापूर्वीं, तिच्यांत पाव हिस्सा स्वच्छ पाणी घालून अर्धा मिनिट खळखळवावें व तें पाणी पंपांतच ओतावें. असें तीनदां करावें. मग बुडास भोंक पाडावें, म्हणजे ती पुन्हां कोणी भरणार नाहीं. धुण्याचें पाणी आडाजवळ, ओढ्यांत वा हौदांत जाऊं देऊं नये. बाटल्या चुलींत वा बांधावर जाळूं नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. कोणास बाधा झाल्यास दवाखान्यांत जातांना बाटली किंवा निदान तिचें पत्रक बरोबर न्यावें. त्यावर उताऱ्याचें नांव छापलेलें असतें. मग आम्हीं तर पिंप तीन पाण्यांनीं धुतलें होतें, तें कां बाधलें? कारण ही रीत नुकत्याच रिकाम्या झालेल्या, नांव माहीत असलेल्या बाटलीकरितां आहे. काय होतें हें ठाऊक नसलेलें, वाळलेलें, प्लास्टिकांत मुरलेलें विष राखेनें निघत नाहीं. आणि धुतलेली बाटली सुद्धां अन्नपाण्याकरितां कधींच नव्हे. शिवाय धुण्याचें तें पाणी आमच्या गोठ्यामागें जमिनींतच मुरलें, ही दुसरी चूक.

१९७१ च्या नियमांप्रमाणें रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावयाचे आहेत. आपल्याकडे खालीं खडक जवळ व विहिरी उथळ. अशा जमिनींत दरवर्षीं पुरीत गेल्यास किती वर्षें पुरणार, ही शंका आम्हांस वाटते. मुदत उलटलेल्या सांठ्याची गोष्ट तर आणखी कठीण. स्वस्त मिळतें म्हणून घेतलेलें विष नाहींसें करण्यास किती पडतें, हें मोठमोठ्या सरकारांनीं अनुभविलें आहे. नेपाळनें जुन्या कीटकनाशकांचा सुमारें ७५ टन सांठा २०११ सालीं जर्मनीच्या मदतीनें तिकडे नेऊन नष्ट करविला. भोपाळच्या ज्या कारखान्यांत डिसेंबर १९८४ मध्यें वायुगळती झाली, तो आपल्याच शेतांवर पडणारी ‘सेव्हिन’ पावडर करीत असे. त्याच्या आवारांतील साडेतीनशें टनांच्या आसपास कचरा जर्मनीस नेण्याची बोलणीं २०१२ सालीं झालीं व फिसकटलीं. शेवटीं ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्यें इंदुराजवळील पिथमपूर येथें गेला व जूनअखेर जळून संपला. चाळीस वर्षें! आपल्या महाराष्ट्रांत असला माल घेणाऱ्या जागा तळोजा, रांजणगांव, बुटीबोरी येथें आहेत, पण त्या कारखान्यांकरितां. आपल्या दोन डब्यांकरितां तेथें कोण जाणार?

याला एक तोड ब्राझील देशानें काढली आहे. तेथें २००० सालच्या कायद्यानें शेतकऱ्यानें रिकामी बाटली धुऊन वर्षाच्या आंत परत करावयाची, दुकानदारानें ती कोठें परत करावयाची तें बिलावर छापावयाचें, आणि पुढें नेऊन विल्हेवाट लावण्याचें काम ती बनविणाऱ्या कंपन्यांनीं करावयाचें असें ठरलें. त्याकरितां कंपन्यांची एक संस्था २००१ सालीं निघाली, व आज शेतांतून निघणाऱ्या अशा बाटल्यांपैकीं बहुतेक सर्व परत जातात. यांत नवें यंत्र कांहीं नाहीं. बिलावरची एक ओळ आहे.

आपल्या संस्थेच्या दुकानांतूनहि कीटकनाशकें विकलीं जातात. तिच्या पावतीपुस्तकांत ‘रिकामी बाटली परत’ असा एक रकाना वाढवावा, गोदामामागें कुलूपबंद पत्र्याची खोली करावी, आणि गोळा झालेला माल कंपनीच्या माणसाकडे सहीनिशीं द्यावा, अशी सूचना आम्हीं येत्या वार्षिक सभेकरितां लेखी दिली आहे. चिटणीसांनीं, कंपन्या माल घेतील कीं नाहीं, अशी शंका काढली. ती रास्त आहे, व म्हणूनच सभेपूर्वीं कंपन्यांस पत्रें जावयास हवींत. आमचें निळें पिंप गोठ्यामागें उभें आहे. त्यावर आम्हीं खडूनें कवटी काढून ठेविली आहे, व तें कोणाच्या स्वाधीन करावें अशी विचारणा करणारा अर्ज संबंधित कचेरीस दिला आहे. अर्जाची पोंच आली आहे.